नळ कारागीर परवाना: काम माझं, सही दुसऱ्याची

पाईपपाना | ८ जून २०२४, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. वाचतो रोज, धागा पहिल्यांदाच काढायलो. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी प्लंबर, वय ३६. दहावीनंतर पुण्याला मावसभावाच्या हाताखाली पाईप धरायला लागलो. पुढं हिंजवडी-वाकडच्या टॉवरांत आठ-नऊ वर्षं काढली. २०२० च्या लॉकडाउनला गावाकडं आलो तो परत गेलोच नाही. आता मराठवाड्यातल्याच एका महापालिकेच्या शहरात काम करतो. शहराचं नाव लिहीत नाही, कारण पुढची गोष्ट ज्यांची आहे ते इथं वाचत असतील.

नवं घर असलं की आतली सगळी फिटिंग मी करतो. हौद, वरची टाकी, संडास-बाथरूम, किचन, बाहेरचे चेंबर, सगळं. पण नळ जोडणीच्या अर्जावर परवानाधारक प्लंबरचा सही-शिक्का लागतो, तो माझ्याकडं नाही. मग एका परवानावाल्याकडं जायचं, फाइलमागं १,५०० रुपये ठेवायचे, तो बसल्या जागी सही मारतो. साइट कुठं आहे हेसुद्धा विचारत नाही.

एप्रिलमध्ये एका जोडणीला फेरूलपाशी (मोठ्या लाइनीतून घराला पाणी काढायचा तुकडा) गळती निघाली. सॅडल, म्हणजे फेरूल बसवायला लाइनीवर आवळायचा पट्टा, मालकानं स्वस्तातला आणून दिला होता आणि मी तो गुमान बसवला, ही माझी चूक, मान्य. ऑफिसातून सहीवाल्याला फोन गेला. त्यानं सरळ सांगितलं, "मी नाही केलं, एक पोरगं होतं, त्याचं काम आहे." रस्ता पुन्हा उकरायचे, बुजवायचे पैसे माझ्या खिशातून गेले. बरं, त्याच घरमालकाच्या सोयऱ्यानं चांगला प्लंबर कोण म्हणून विचारलं, तेव्हा फाइलवरचा नंबर दिला गेला. म्हणजे गळलं की मी, टिकलं की तो.

तर परवाना काढायचाय. आयटीआय केलेलं नाही. एक जण म्हणला बांधकाम खात्यात गुत्तेदार म्हणून नोंदणी कर, मग कुणाला विचारायची गरज नाही. दुसरा म्हणला लातूरला काढ, सगळीकडं चालतो. खरं काय समजायचं?

दुसरी_शिफ्ट | ८ जून २०२४, रात्री १०:३१

१,५०० त सही मिळायली तर परवान्याचा उपद्व्याप कशाला? वर्षाला फाइली किती होतात?

पाईपपाना | ८ जून २०२४, रात्री १०:३३

वीस-बावीस.

दुसरी_शिफ्ट | ८ जून २०२४, रात्री १०:३४

म्हणजे तीस हजार. काढा काढा.

मांजराकाठ | ९ जून २०२४, सकाळी ७:०५

पाईपपाना, मी पाणीपुरवठ्यात ओव्हरसिअर म्हणून लागलो आणि कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालो. तुमच्या दोन्ही मित्रांनी तुम्हाला गोल फिरवलंय.

ही वेगवेगळी दारं आहेत. शहराच्या पाईपलाइनला नाहीतर ड्रेनेजला हात लावायचा, लोकांच्या वतीनं जोडणीचा अर्ज भरायचा, तर नळ कारागीर परवाना लागतो आणि तो त्या शहराची महापालिका किंवा नगरपरिषद देते. सरकारी काम टेंडर भरून घ्यायचं असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषद, ज्याचं काम त्याच्याकडं कंत्राटदार म्हणून नोंदणी. त्या नोंदणीवर कोटीची कामं घेणारा गुत्तेदारसुद्धा स्वतःच्या घराला नळ घ्यायचा तर परवानाधारक प्लंबरच शोधतो.

लोकांचा घोळ होतो तो विजेवरून. विद्युत ठेकेदार, पर्यवेक्षक, तारतंत्री यांचे परवाने राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं, ते राज्यभर चालतात. प्लंबरचा असा राज्याचा एकच परवाना आपल्याकडं नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, म्हणजे मूळचा १९४९ चा मुंबई प्रांतिक कायदा, त्यानं सर्वेक्षक, अभियंता यांच्याच पंगतीत प्लंबरला बसवलंय आणि परवाना द्यायचा अधिकार आयुक्तांना दिलाय. आयुक्तांचा अधिकार हद्दीपुरता. मराठवाड्यात महापालिका पाच: छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि २०२३ पासून जालना. पाच शहरं, पाच परवाने. बीड, धाराशिव, हिंगोली, उदगीर इथं नगरपरिषदा, त्यांचा कायदा १९६५ चा, आणि रीतही आपापली. लातूरचा परवाना उदगीरला दाखवलात तर चहा पाजतील, फाइल घेणार नाहीत.

शिक्षण, अनुभव, अनामत, नूतनीकरणाचा काळ या अटी शहरागणिक बदलतात. तेव्हा कुणाच्या ऐकीव यादीवर कागद गोळा करू नका. पाणीपुरवठा विभागात जा, अटींची यादी लेखी मागा.

आणि एक गोष्ट बऱ्याच प्लंबरांना माहीतच नसते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली पाणीपुरवठ्याच्या ज्या सेवा अधिसूचित आहेत त्यांत नवीन नळ जोडणीच्या बरोबरीनं 'प्लंबर परवाना' आणि त्याचं नूतनीकरण याही सेवा आहेत. अर्ज दिला की पोच घ्यायची. मुदतीत काम झालं नाही तर प्रथम अपील, मग द्वितीय अपील, शेवटी आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. मी खुर्चीच्या त्या बाजूला होतो म्हणून सांगतो, पाच हजारांना कुणी भीत नाही. कागदावर ठपका येतो, त्याला भितात.

आयटीआय_सर | ९ जून २०२४, सकाळी ११:४०

मांजराकाठ साहेबांनी सगळं मांडलंय, मी शिक्षणापुरतं लिहितो.

प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे. ३६ व्या वर्षी पोरांच्या बाकावर बसा असं मी म्हणणार नाही, वर्षाची कमाई जाते. अनुभवी कारागिराला खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येतं. पास झालात की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन अर्ज कधी निघतात ते विचारून ठेवा, यंदाची वेळ बहुधा गेली.

दुसरी वाट पूर्वज्ञानाच्या मान्यतेची, सगळे तिला आरपीएल म्हणतात. थोडं प्रशिक्षण, मग परीक्षक समोर काम करून घेतो. प्लंबिंगपुरतं हे वॉटर मॅनेजमेंट अँड प्लंबिंग स्किल कौन्सिल पाहते. वाट सोपी आहे, पण ते प्रमाणपत्र तुमची महापालिका परवान्याला धरते का, हे आधी विचारा. माझ्याकडं दोघं जण प्रमाणपत्र फ्रेम करून आले होते. काउंटरवर त्यांना विचारलं, "आयटीआयचं कुठंय?"

तुमच्यासारख्यांचं प्रात्यक्षिकात कधी अडत नाही. अडतं ते वर्कशॉप गणितात आणि ड्रॉइंगमध्ये. हातानं रोज बसवलेला एल्बो कागदावर ओळखता येत नाही. भारत स्किल्सच्या संकेतस्थळावर ट्रेडचे प्रश्नसंच फुकट आहेत, रात्री अर्धा तास काढा.

आणखी एक, आजच करा. दहावीची सनद आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षराला अक्षर लावून पाहा. अभ्यास जमला नाही म्हणून अडलेली पोरं मी कमी पाहिली, 'राव' आणि 'जी' मध्ये अडकलेली जास्त.

गोदाकाठी | ९ जून २०२४, दुपारी १:१५

पीएम विश्वकर्मात नाव घाला ना. प्रमाणपत्र मिळतं, वरून हत्यारांना १५ हजार.

आयटीआय_सर | ९ जून २०२४, दुपारी १:५०

२०२३ ला सुरू झालेल्या त्या योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, न्हावी, शिंपी आहेत. प्लंबर नाही.

गोदाकाठी | ९ जून २०२४, दुपारी १:५८

मग गवंडी म्हणून घाला.

आयटीआय_सर | ९ जून २०२४, दुपारी २:०४

आणि प्लंबरच्या परवान्याला अनुभव कोणता जोडायचा, विटा रचल्याचा?

सूत_सफेदा | ९ जून २०२४, रात्री ८:२०

हे सगळं वाचून हसायला येतं. संभाजीनगरात चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात. कागद एक नाही. जीआयच्या, म्हणजे लोखंडी पाईपच्या, जमान्यात पाईप व्हाइसला लावून डायनं आटे पाडायचे, सूत गुंडाळायचं, सफेदा लावायचा. ते जॉइंट तीस-तीस वर्षं झाली, थेंब नाही. आताची पोरं सॉल्व्हंट फासतात, घातला पाईप की पळाले. अर्धा मिनिट धरून ठेवायचा पण धीर नाही. यांच्याकडं सर्टिफिकेट आहे!

मलिक अंबरनं या शहरात नहर आणली. खापराचे नळ चुन्यात बसवून डोंगराकडचं पाणी वस्तीत खेळवलं. पाणचक्कीला जाऊन बघा एकदा. त्याला कोणत्या आयुक्तानं शिक्का दिला होता?

विटामाती | ९ जून २०२४, रात्री ९:०२

काका, पाणचक्कीची नहर वेगळी. मलिक अंबर १६२६ ला गेला, पाणचक्की १८ व्या शतकातली. आणि निजामशाहीचा सगळा कारभारच अंबराच्या हातात होता, शिक्का मारणारा तोच. त्याला कोण अडवणार?

(मी परभणीकडची, आर्किटेक्ट. तुमच्या सूत-सफेद्याबद्दल मात्र आदर आहे.)

मांजराकाठ | १० जून २०२४, सकाळी ६:५०

सूत_सफेदा, तुमच्या जॉइंटवर माझाही विश्वास आहे. पण परवाना कशाला लागतो हे जॉइंटवरून कळत नाही, ते लाइनवरून कळतं.

आपल्याकडं पाणी रोज येतं कुठं? चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी लाइन भरते, दोन-तीन तास चालते, परत रिकामी. भरलेली असते तेव्हा गळकं जॉइंट पाणी बाहेर टाकतं. ते दिसतं, लोक ओरडतात, कुणीतरी जातो. पण लाइन रिकामी होताना तेच जॉइंट उलटं चोखतं. शेजारी जे असेल ते आत घेतं. शेजारी गटार असेल तर गटार. त्यात कुणी जोडणीलाच थेट टुल्लू पंप लावला असेल तर तो बाकीच्यांच्या लाइनीतूनही ओढतो. मग आठ दिवसांनी पाणी सुटलं की पहिली बादली कुणाच्या तरी माठात जाते. नळाला चोवीस तास दाब असलेल्या गावात जो जॉइंट नुसता पाणी वाया घालवतो, तो आपल्या गावात कावीळ आणतो.

२०१६ चा एप्रिल लातूरकर विसरणार नाहीत. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. बातम्या रेल्वेच्या झाल्या. पण इतके दिवस कोरड्या पडलेल्या लाइनी पुढं भरायला घेतल्या तेव्हा कुठल्या गल्लीत काय उघडं पडलंय हे पाणीच दाखवत गेलं.

माझ्या नोकरीत एका गल्लीत गॅस्ट्रो पसरला होता, गाव सांगत नाही. अशा वेळी करायचं काय असतं? नकाशा घेऊन एकेक घरजोडणी चालत जायची. जोडणी गटार कुठं ओलांडते, पाण्याची लाइन वरून नेलीय की खालून, मधे जोड ठेवलाय का, हे बघायचं. सगळी गल्ली तर खणता येत नाही. म्हणून फाइल काढायची आणि सही असेल त्याला बोलवायचं, की बाबा, तू लाइन कशी नेलीस ते दाखव. तो आला. त्याला ती गल्लीच माहीत नव्हती. दोन दिवस आम्ही आंधळ्यासारखे खणत होतो.

ज्यानं पाईप टाकला तो माणूस सापडावा, एवढ्यासाठी ती सही असते. १,५०० ला जे विकलं जातं ते हे.

पाईपपाना | १० जून २०२४, रात्री ९:४४

साहेब, हे वाचून दिवसभर डोक्यात तेच चाललंय. माझ्या त्या एप्रिलच्या फेरूलपासून गटार दीड फुटावर होती. तेव्हा मला फक्त रस्ता उकरायच्या पैशाचं वाईट वाटलं होतं.

सूत_सफेदा | १० जून २०२४, रात्री १०:१५

चोखण्याचं बरोबर बोललात साहेब. मी स्वतः बघितलंय, लाइन गेल्यावर नळाला बोट लावलं की बोट धरतं. तरी परीक्षेला मी काय बसत नाही आता. पोराला बसवतो.

विटामाती | ११ जून २०२४, दुपारी १२:३०

पाईपपाना, परवाना मिळेपर्यंत थांबू नका, परवानाधारकासारखं काम आजपासून सुरू करा. साइटवर मला सारखं दिसतं ते लिहिते.

सोलरच्या गरम पाण्याच्या आउटलेटला साधा यूपीव्हीसी पाईप. तो थंड पाण्याचा आहे, आपल्या मे महिन्यात तर शेवयासारखा लोंबतो. गरमला सीपीव्हीसी, आणि पाईपवर आयएस १५७७८ छापलेलं वाचून घ्या. ड्रेनेजला आयएस १३५९२ वाले एसडब्ल्यूआर. मालक पाईप आणून देतो तेव्हा पावती नको, पाईपवरचा छापा बघा. तुमच्या सॅडलची गोष्ट तिथंच टळली असती.

नहाणी ट्रॅपमध्ये (गटाराचा वास अडवणारं जाळीखालचं भांडं) ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे. फरशीवाला उंची वाचवायला उथळ ट्रॅप मागतो, ऐकू नका. आपल्या उन्हाळ्यात पाहुण्यांच्या खोलीतला ट्रॅप महिन्याभरात कोरडा पडतो आणि मग लोक म्हणतात घरात वास येतो, प्लंबर बोगस.

हौदाचं गणित हा तर सगळ्यांचा आवडता घोळ. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत प्लंबिंगचा भाग नववा. हिशेब साधारण माणशी रोज १३५ लिटर धरून चालतो. पुस्तकवाले त्यावरून एका दिवसाची टाकी काढतात. आपल्याकडं पाच माणसं आणि आठ दिवस धरा: ५,४०० लिटर. त्याच्या खाली हौद बांधला की मालक टँकरवाल्याचा जावई झालाच.

भिंत बुजवायच्या आधी दाबाची चाचणी घ्या. हाताचा टेस्ट पंप विकत घ्या, भाड्यानं आणायचा कंटाळा येतो म्हणून चाचणी राहते. काट्याचा आणि घड्याळाचा एकत्र फोटो काढून मालकाला पाठवा. पुढं टाइलवाल्यानं खिळा मारला तर तो फोटो तुमच्या बाजूनं बोलेल.

भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी आमच्याकडं ड्रेनेज पूर्ण झाल्याचा कागद परवानाधारकाचाच मागतात. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा प्लॉट असेल तर २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीनुसार पावसाचं पाणी जिरवायची सोयही करावीच लागते, तेही काम प्लंबरच्याच अंगावर येतं. मला असा माणूस हवा असतो जो साइटवरही येतो आणि कागदावरही तोच असतो. असे फार थोडे आहेत, म्हणून दर चांगला मिळतो.

फायर_पंप | १२ जून २०२४, संध्याकाळी ६:२२

वर मांजराकाठ दारं म्हणाले, त्यातलं आगीचं दार माझं. वाळूजला आहे मी.

हायड्रंट, स्प्रिंकलर म्हणजे जाड पाईपच, आपण करू शकतो असं प्लंबरला वाटतं. पाईप जोडता येईल, दाखला देता येणार नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली परवानाप्राप्त अभिकरण, म्हणजे एजन्सी, लागतं, तो परवाना राज्याच्या अग्निशमन सेवा संचालकांकडून मिळतो. यंत्रणा बसवल्यावर नमुना अ, पुढं दर जानेवारी आणि जुलैला ती चालू असल्याचा नमुना ब. इथंही सहीचा बाजार आहेच, न चालणाऱ्या पंपांना नमुना ब मिळालेले मी बघितलेत. नाव नको.

सुरुवातीला अभिकरणाच्या हाताखाली मजुरीवर पाईपकाम घ्या. वेल्डिंगवाला चांगला सोबत असेल तर घरकामापेक्षा बरं सुटतं.

हिशेबवही | १२ जून २०२४, रात्री ९:१०

पैशाचं थोडक्यात. उद्यम नोंदणी फुकट आहे, स्वतः करा, त्याला पैसे मागणारा लुटतोय. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर दुकान कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते. माल-मजुरी धरून केलेलं काम जीएसटीत कार्यकंत्राट, म्हणजे सेवा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी. माल मालकानं आणला आणि तुम्ही नुसती मजुरी घेतली तर उलाढाल मजुरीचीच, हे लक्षात ठेवा. बिल्डर तुमच्या बिलातून १ टक्का टीडीएस कापतात ते पैसे तुमचेच आहेत, रिटर्न भरून परत मागा. निम्मे प्लंबर ते सरकारला दान करतात.

टेंडरचा विचार असेल तर महाटेंडर्सवर जायला डिजिटल सही लागते. पण आधी घरची कामं करा. सरकारी बिल निघेपर्यंत पोटाला काय, हा प्रश्न टेंडरच्या कागदात नसतो.

पाईपपाना | २ जुलै २०२४, रात्री ८:३७

अटींची यादी मिळाली. तिसऱ्या चकरेला, पण लेखी मिळाली. आमच्या इथं ट्रेडचं प्रमाणपत्र लागतंच, आरपीएल धरत नाहीत. म्हणजे सरांनी सांगितलेली परीक्षा. त्याशिवाय अनुभवाचा दाखला, अनामत, घरपट्टी-पाणीपट्टी बाकी नसल्याचा दाखला.

अनुभवातच अडकलो. पुण्याच्या नऊ वर्षांचा एक कागद नाही. शनिवारी रोख हातात मिळायचे, वहीत अंगठा. आता कुणाकडं मागू?

हिशेबवही | २ जुलै २०२४, रात्री ९:१५

बँकेत कधी मजुरी जमा झाली होती का? जुनी पासबुकं काढा. त्या गुत्तेदाराचा धंदा चालू असेल तर त्याच्या लेटरहेडवर दाखला मागा, जीएसटी नंबर असलेलं लेटरहेड.

मांजराकाठ | ३ जुलै २०२४, सकाळी ७:३०

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद केली असतीत तर आज हा घोळ झाला नसता. १८ ते ६० वय आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम, एवढीच अट. लोक भांड्यांच्या संचासाठी रांगा लावतात, पण त्या ९० दिवसांच्या दाखल्यांची जी माळ तयार होते तिची किंमत कुणाला नाही. प्लंबर बांधकाम कामगारांत बसतो. आता तरी करा, हाताखालच्या पोरांचीही करा.

विटामाती | ३ जुलै २०२४, सकाळी १०:०५

इथं आल्यावर ज्या आर्किटेक्ट-इंजिनिअरांच्या साइटवर काम केलंय त्यांच्याकडून दाखले घ्या. चार वर्षं झालीच ना? साइटचा पत्ता, किती संडास-बाथरूम, किती मजले, असं सविस्तर लिहून घ्या. "यांना मी ओळखतो, ते मेहनती आहेत" असल्या दाखल्याला कुणी विचारत नाही.

पाईपपाना | ११ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:२६

धागा वर काढतो. दीड वर्ष झालं.

परीक्षा पास झालो. गणितात काठावर, ड्रॉइंगमध्ये बरे पडले. भारत स्किल्सचे प्रश्न दोनदा सोडवले होते, बायको विचारायची आणि मी रोट्या शेकता शेकता उत्तरं द्यायचो. पुण्याच्या गुत्तेदारानं दाखला दिला नाही, "तू कोण" म्हणला. इथल्या तीन आर्किटेक्टांचे दाखले चालले.

परवान्याच्या अर्जानंतर उपअभियंत्यांनी समोर बसवून विचारलं. ट्रॅपमध्ये पाणी किती. शंभर मिमीच्या ड्रेनेज पाईपला उतार किती, मी म्हणलो चाळीसात एक. दोन-पाईप पद्धत कशाला म्हणतात, तर संडासाची लाइन वेगळी, न्हाणीची वेगळी. शेवटी विचारलं पाण्याची लाइन गटार ओलांडते तिथं काय करशील. मी म्हणलो वरून नेईन, ओलांडताना मधे जोड ठेवणार नाही, आणि मग साहेब, मांजराकाठ काकांचं ते चोखण्याचं सगळं सांगून टाकलं. ते म्हणले, हे कुठं शिकलास?

अर्ज मुदतीच्या वर आठ दिवस पडून होता. अपील करावं लागलं नाही. पोच घेऊन गेलो आणि प्रथम अपील कुणाकडं करायचं असतं एवढंच विचारलं. परवा परवाना हातात आला.

आयटीआय_सर | ११ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

अभिनंदन! ड्रॉइंगमध्ये बरे पडले हे वाचून जास्त आनंद झाला.

मांजराकाठ | १२ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६:४५

शाब्बास. आता एक सांगतो ते ऐकायचंच. परवान्याचा बोर्ड लागला की सोसायटीवाले सेप्टिक टँक आणि चेंबर उपसायला बोलावतील. कोणत्याही पोराला आत उतरवायचं नाही. पाच मिनिटांचं काम आहे, दोरी बांध आणि उतर, असं म्हणणारे असतात. आतल्या वायूनं पहिला पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. २०१३ चा कायदा आहे, साधनांशिवाय उतरवणं गुन्हा आहे, आणि माणूस गेला तर ३० लाख भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ ला ठरवून दिलंय. मशीनवाल्याचा नंबर द्या आणि बाजूला व्हा.

नळ_आणि_खळ | १२ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३:१८

दादा, तुमच्याच शहरात आहे बहुतेक मी. तीन फाइली अडकल्यात. फाइलमागं किती घेता?

पाईपपाना | १२ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:५०

लाइन उघडी असताना बोलवा, येऊन बघतो. बुजवली असेल तर जमणार नाही.

नळ_आणि_खळ | १२ नोव्हेंबर २०२५, रात्री ८:५८

दोन बुजवल्यात. तिसरी उघडी आहे.

पाईपपाना | १२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:०१

तिसरीचा पत्ता मेसेज करा, उद्या सकाळी सातला येतो. सॅडल कोणता आणलाय त्याचा फोटोपण पाठवा.

सूत_सफेदा | १२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:३०

पोराला बसवलंय यंदा. ड्रॉइंगचं कुणाला विचारायचं त्यानं?

पाईपपाना | १२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४१

माझ्याकडं पाठवा काका. अन् सर, एक राहिलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणं सनद, आधार, सगळं जुळवून घेतलं होतं. परवान्यावर मात्र माझ्या नावापुढं 'राव' छापून आलाय. सोमवारी दुरुस्तीला जातो.

आयटीआय_सर | १२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४३

लॅमिनेशन केलं नाही ना?

पाईपपाना | १२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४४

लॅमिनेशनवाल्यानंच वाचून दाखवलं, काढून हातात देताना.